देखाव्यातला म्हातारा

आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ बाहुले फेकून देत नाही. माणसाएवढे, फायबरचे, आत मोटर बसवलेले हे बाहुले वर्षभर मंडळाच्या अध्यक्षांच्या इमारतीखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात प्लास्टिक गुंडाळून उभे असतात. गणपती जवळ आले की त्यांना बाहेर काढून पुसतात आणि त्यांचे कपडे बदलतात. हुंडा मागणारा सासरा पुढच्या वर्षी डॉक्टर होतो. नऊवारीतली बाई पोलीस झालेली मी पाहिली आहे. नाकातली नथ काढायची राहिली होती. यात मला काही वावगं वाटत नाही. मीही सकाळच्या उरलेल्या बटाट्याच्या भाजीचे संध्याकाळी पराठे करते.

ठाकुर्लीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. मंडप माझ्या दुकानाच्या बरोबर समोर पडतो, त्यामुळे दर वर्षीचा देखावा मला पाठ होतो. पोळ्या लाटताना, मोदकांच्या कळ्या पाडताना कानावर तेच निवेदन, तीच तबल्याची धून. झाडं लावा, पाणी वाचवा, मुलगी शिकवा. सगळं ऐकून झालं आहे.

त्या वर्षीचा देखावा माझ्या नवऱ्यावर होता.

नवरा फौजेत हवालदार होता. सासरे, म्हणजे आबा, फौजेतूनच सुभेदार होऊन निवृत्त झाले. गाव साताऱ्याकडचं. निवृत्तीनंतर ते इकडे आले आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर त्यांनी पुढची नोकरी केली. सासूबाई गेल्यापासून ते, मी आणि माझी मुलगी असे तिघं घरात. नवरा रजेवर आला की चौघं. मुलगी तेव्हा डोंबिवलीच्या कॉलेजात बारावीला होती. आबांच्या आयुष्यात एकच इच्छा शिल्लक होती. मुलगाही नायब सुभेदार व्हावा, मग सुभेदार. त्याचं नाव त्या वर्षी बढतीच्या यादीसाठी विचारात होतं. म्हणजे त्यावर आमच्या घराचं पुढचं सगळं ठरणार होतं. बढती मिळाली तर आणखी काही वर्षं नोकरी, नाही मिळाली तर हवालदार म्हणूनच घरी.

उन्हाळ्यात एकदा त्याचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "एक प्रशस्तिपत्र मिळालंय. मोठं काही नाही."

"कशाबद्दल?"

"एक कारवाई होती. आल्यावर सांगतो."

आबा शेजारीच बसलेले. त्यांनी तेवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरच्या स्टॉलवर सांगितलं. स्टॉलवरून ते मंडळात गेलं. मंडळात पोहोचेपर्यंत एकाचे तीन अतिरेकी झाले होते.

अध्यक्ष स्वतः दुकानात आले. इथलेच, मूळचे. वडिलांची भातशेती होती तिथे आता त्यांच्या तीन इमारती आहेत. माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी मयत झाली तर पहिले हेच येऊन उभे राहतात.

"वयनी, यंदाचा देखावा तुमच्या घरचा."

"म्हणजे?"

"आपल्या भाऊंचा पराक्रम! असा देखावा आख्ख्या कल्याण-डोंबिवलीत नाय झाला कधी. गल्लीतला फौजी, खरी घटना."

"त्यांना विचारलंत का?"

"सरप्राइज हाय ते. पराक्रमाला काय विचारायचं, वयनी?"

"विचारा तरी. काय झालं ते मलाही माहीत नाही, तुम्हाला कुठून माहीत?"

"काय झालं असेल? शत्रू आला, भाऊंनी गोली घातली. आजून काय असतं? आणि आबांनी परवानगी दिलेली हाय. उद्घाटनाला भाऊ येनार, असा शब्द दिलाय."

आबांनी शब्द दिला होता म्हटल्यावर मी पुढे बोलले नाही. नवऱ्याला फोन लावला, पण तो ज्या डोंगराळ भागात होता तिथे फोन लागणं म्हणजे नशीब. महिनाभरात लागला तेव्हा आबांनीच उचलला आणि दोघं हवापाण्यावर बोलत बसले.

देखाव्याच्या निवेदनासाठी मंडळाने माझ्या मुलीचा आवाज घेतला. वक्तृत्वाची बक्षिसं आहेत तिला. सेक्रेटरीने लिहून दिलेलं तिने दिवसभर आरशासमोर म्हणून पाहिलं. "काळोख्या रात्री, बर्फाच्या वादळात, माझे वडील एकटे उभे होते..." मी विचारलं, रात्र होती हे तुला कोणी सांगितलं? म्हणाली, "आई, लढाई रात्रीच होते." बापाला तिने वर्षातून दोनदा पाहिलेलं. त्याच्याबद्दल मोठ्याने बोलायची संधी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. 

चतुर्थीच्या आधी दोन दिवस नवरा आला. ठाकुर्लीच्या पुलावरच त्याला स्वतःचा बॅनर दिसला असणार. कोणाच्या तरी लग्नातल्या फोटोतलं त्याचं डोकं कापून दुसऱ्याच कोणाच्या वर्दीवर बसवलं होतं. खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो, आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठा अध्यक्षांचा. घरात येऊन त्याने ट्रंक ठेवली, आबांच्या पाया पडला, हातपाय धुतले. 

दुपारी दुकानात मागच्या बाजूला येऊन बसला. मोदकांच्या ऑर्डरी सुरू झालेल्या, नारळांचा ढीग पडलेला. मी त्याच्यापुढे विळी सरकवली. तो खवायला लागला. नारळ खवायला त्याचा हात चांगला, पांढरं तेवढंच उतरवतो.

तीन-चार नारळ झाल्यावर म्हणाला, "तो देखावा बंद करता येईल का?"

"चतुर्थी परवा. का?"

"तसं झालेलं नाही काही."

"मग कसं झालं?"

त्याने हातातली वाटी संपवली, दुसरी घेतली, आणि खाली बघत सांगायला लागला.

"सकाळ होती. धुकं होतं. खबर होती की एक जण त्या वाटेनं उतरणार. आम्ही बसलो होतो. एक माणूस उतरला. पाठीवर ओझं. साहेब म्हणाले, दाढी आहे, तोच. मी म्हटलं, जवळ येऊ दे साहेब. त्यांनी आवाज दिला, थांब, हात वर. तो थांबला."

"थांबला?"

"थांबला ना. पळाला नाही, काही नाही. पण हात वर करायचे तर पाठीवरचं ओझं आधी खाली टाकायला हवं. तो ते टाकायला वाकला. साहेब म्हणाले, फायर. मी केलं."

मी पोळपाटावरचा हात थांबवला नाही. थांबवला असता तर तोही थांबला असता.

"जवळ गेलो. म्हातारा होता. आबांएवढा. ओझं म्हणजे जळणाची लाकडं."

"आणि बंदूक? गल्लीत तर सांगतात बंदूक सापडली."

"बंदूक नंतर आली."

"कुठून?"

"आपल्याचकडून."

मग बाकीचं सांगितलं. कारवाई यशस्वी म्हणून कागद वर गेले, त्याला प्रशस्तिपत्र आलं. म्हाताऱ्याच्या गावातली माणसं मात्र गप्प बसली नाहीत. त्यांनी तक्रार केली, चौकशी बसली. रजा संपवून गेला की याचा जबाब होता. साहेबांनी त्याला धमकी वगैरे काही दिली नव्हती. उलट प्रेमाने रजा मंजूर केली. "घरी जा, गणपती कर, मुलीला भेट," म्हणाले, "तुझं नाव बढतीला आहे, शांत डोक्यानं विचार कर." मुलीसाठी चॉकलेटचा डबाही दिला. तो डबा ट्रंकेत होता.

"मग तुम्ही काय सांगणार?"

"तेच ठरवायला आलोय."

मुलीने मला नंतर पुष्कळदा विचारलं आहे, तेव्हा तू काय सल्ला दिलास. मी सल्ला दिला नाही. खरं बोला म्हटलं नाही, गप्प राहा असंही नाही. बंदूक माझ्या हातात नव्हती आणि जबाबही मला द्यायचा नव्हता. मी एवढंच म्हटलं, "जे सांगायचं ठरवाल ते आधी मला सांगा. बाहेरून कळायला नको." तो बरं म्हणाला आणि उरलेले नारळ खवून दिले.

आबांना त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा आबा खाटेवर ताठ बसलेले.

"आरं मग? लढाईत असं हुतंय."

"लढाई नव्हती आबा. सकाळी लाकडं घेऊन चाललेला माणूस होता."

"तुला हुकूम हुता का न्हवता?"

"होता."

"मग तुझा काय संबंध? हुकूम दिला त्यानं, बंदूक ठेवली दुसऱ्यानं. तू कशाला मधी तोंड घालतूस?"

"गोळी माझी होती."

"हे बघ. साहेबाच्या विरुद्ध बोललास तर साहेब जाईल व्हय घरी? तू जाशील. मी काय बघितलं न्हाई फौजेत? समदं बघितलं. तुझ्या आईला कधी एक शब्द तरी सांगितला का?"

"नाही सांगितलात," नवरा म्हणाला. "झोपेत ओरडत होता तेवढं. आम्ही पोरं उठून बसायचो."

 आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "साखर कमी पडलीय." पडली नव्हती. मी कप घेऊन आत गेले.

त्याच दुपारी मी अध्यक्षांना गाठलं. आतलं काही सांगितलं नाही. ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. नवऱ्याची इच्छा नाही, देखावा बदला, एवढंच म्हटलं.

"वयनी, मोठी माणसं अशीच असतात. स्वतःचं कौतुक नको असतं त्यांना."

"तसं नाही. खरंच नको आहे."

"उद्या गणपती बसनार. आता काय बदलू? लायटिंगवाला उल्हासनगरचा, तो गेला. स्पर्धेत नाव दिलंय. आबांना काय तोंड दाखवू?"

"मग निदान उद्घाटन दुसऱ्याच्या हातून करा."

"असं कसं? नवरदेवाशिवाय लगीन?" आणि त्यांनी मला चहा मागवला. तो मी प्यायले नाही.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, जाऊ नका, पोटात दुखतंय म्हणून सांगते. तो म्हणाला, आबांनी शब्द दिलाय. वयाच्या पंचेचाळिशीतही त्या घरात आबांचा शब्द म्हणजे हुकूमच. हुकूम पाळायचं शिक्षण त्याला फौजेत मिळालं असं लोक समजतात. ते त्याला घरातच मिळालं होतं.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरती झाली. मंडपासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत आबा, जुना कोट घालून, छातीवर पदकं. स्टेजवर अध्यक्ष, माझा नवरा, आणि बाजूला पैठणी नेसलेली माझी मुलगी. सत्कार झाला. शाल त्याच्या खांद्यावरून दोनदा घसरली. मग अध्यक्षांनी त्याच्या हातात रिमोट दिला. त्याने आबांकडे पाहिलं आणि कळ दाबली.

पडदा सरकला. थर्माकोलचे डोंगर, कापसाचा बर्फ, निळा उजेड, धूर. स्पीकरमधून माझ्या मुलीचा आवाज, "काळोख्या रात्री, बर्फाच्या वादळात..." डावीकडे सैनिक. तो दोन वर्षांपूर्वीचा ट्रॅफिक पोलीस होता, मी त्याला मिशीवरून ओळखलं. त्याचा हात आधी शिट्टीसाठी वर जायचा, आता बंदुकीसाठी गेला. उजवीकडे शत्रू.

शत्रू म्हणजे मागच्या वर्षीचा 'झाडे लावा'मधला आजोबा.

पोरांनी त्याचं धोतर काढून लांब काळा झगा चढवला होता, डोक्याला फडकं बांधलं होतं. दाढी तीच, पांढरीशुभ्र, छातीपर्यंत. चेहरा तोच, प्रेमळ. मूर्तिकाराने तो नातवाला रोप देणारा म्हणूनच घडवला होता. कमरेतून वाकायची यंत्रणाही रोप लावण्यासाठीचीच. फक्त आता तो वाकला की पुढे कोसळेल अशी केली होती. गर्दीत एक-दोघं हसलेही. "अरे, हा तर आपला झाडवाला आजोबा!"

"दाढी होतीच ना," मंडळातलं एक पोरगं माझ्या मागेच कोणाला तरी सांगत होतं. "चालून गेलं. नवीन बाहुला करायला टाइम कुठे होता?"

"धाड! धाड! धाड!" मुलीचा आवाज. लाल दिवा लागला. म्हातारा वाकला आणि कोसळला.

त्याच्या हातात प्लास्टिकची बंदूक अडकवली होती. पण हाताची बोटं रोपाची कुंडी धरण्यासाठी घडवलेली, दोन्ही तळवे वर, ओंजळीसारखे. बंदूक त्यात बसणारच नव्हती. पडल्याबरोबर ती निसटून लांब कापसात गेली. मोटरने म्हाताऱ्याला पुन्हा उभं केलं, दोन्ही हात पुढे, रिकामे. सैनिकाचा हात वर गेला. म्हातारा पुन्हा वाकला.

"अरे बंदूक, बंदूक!" अध्यक्ष दबक्या आवाजात ओरडले.

एक कार्यकर्ता थर्माकोलच्या डोंगरामागून गुडघ्यांवर रांगत आला. म्हातारा आडवा होता तेवढ्यात त्याने बंदूक उचलली, त्याच्या हाताशी नीट ठेवली, आणि रांगत परत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी नवऱ्याकडे पाहत होते.  मग त्याने अध्यक्षांच्या हातातला माइक घेतला. हिसकावला नाही, घेतला.

"हा माणूस म्हातारा होता," तो म्हणाला. "सकाळची वेळ होती. त्याच्या हातात काही नव्हतं. बंदूक आम्ही नंतर ठेवली. त्याला मी मारलं."

स्पष्ट, ठणठणीत आवाज. परेडवर सवय असते त्यांना. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं असणार. क्षणभर फक्त मोटरची घरघर येत होती. आबांनी मान खाली घातली. मुलीने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

अध्यक्षांनी हळूच माइक काढून घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं, याची मी खात्री देते.

"मंडळी," ते म्हणाले, "आपले भाऊ भावुक झालेत. बघा, शत्रूबद्दलसुद्धा मनात दया! हाच आपल्या जवानाचा मोठेपणा. जोरदार टाळ्या झाल्या पायजेत!"

झाल्या. घोषणाही झाल्या. कोणीतरी नवऱ्याच्या कपाळाला गुलाल लावला. दोन-तीन बायका माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "किती साधे आहेत हो तुमचे मिस्टर." एकीने विचारलं, एकवीस मोदक उद्या सकाळी मिळतील का. मी म्हटलं, मिळतील.

घरी आल्यावर मुलीने पैठणी न बदलताच विचारलं, "पप्पा, तुम्ही बोललात ते खरं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

 सकाळी उठून ती मंडपात गेली आणि म्हणाली, माझा आवाज काढा. मी दुकानातून पाहत होते. साउंडवाल्याने हात वर केले, अध्यक्षांकडे बोट दाखवलं. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं बाय, तुझा आवाज आता मंडळाचा झाला." ती तावातावाने बोलली, रडली, मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तू जा ना आई, भांड त्यांच्याशी." मी गेले आणि भांडले. गिऱ्हाइकं खोळंबून बघत होती. त्याचा एवढाच परिणाम झाला की स्पीकरचं तोंड माझ्या दुकानाकडून वळवून दुसरीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी बंदूक तारेने म्हाताऱ्याच्या मनगटाला घट्ट बांधली. त्यानंतर विसर्जनापर्यंत ती पडली नाही. दहा दिवस, संध्याकाळी दिवे लागले की माझ्या मुलीचा आवाज म्हणायचा, माझे वडील एकटे उभे होते. मुलगी कॉलेजला जाताना मागच्या गल्लीने वळसा घालून जायची. स्पर्धेत देखाव्याला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांचा शेरा होता, 'वास्तवदर्शी'.

त्या दिवसांत नवरा घराबाहेर फारसा पडला नाही. मला पुऱ्यांना पीठ मळून दे, भाज्या चिरून दे. जायच्या आदल्या दिवशी दुधी किसता किसता म्हणाला, "मी सांगणार आहे."

"काय?"

"इथं सांगितलं तेच."

"बढती?"

"नाही मिळणार." थोडा वेळ किसत राहिला. "तिथं असताना वाटायचं, सांगितलं की आभाळ कोसळेल. इथं आख्ख्या गल्लीसमोर सांगितलं. काय झालं? टाळ्या. निदान चौकशीवाल्यांना ऐकून लिहून तरी घ्यावं लागेल."

"बरं," मी म्हटलं. आधी मला सांगा म्हटलं होतं, त्याने सांगितलं. मी चिवड्याचा डबा भरून दिला. चॉकलेटचा डबा त्याने ट्रंकेतून काढून परत ट्रंकेत ठेवला, साहेबांना द्यायला. आबा निरोप द्यायला खाटेवरून उठले नाहीत. तो पाया पडला, त्यांनी पाय मागे घेतले.

जबाब दिला. लिहून घेतला. आणि आबांनी सांगितलं होतं अगदी तसंच झालं. चौकशीत निघालं की धुकं होतं, चूक प्रामाणिक होती. बंदुकीबाबत पुरावा मिळाला नाही, कारण एकट्या हवालदाराचं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. साहेब वरच्या हुद्द्यावर दुसरीकडे गेले. बढतीच्या यादीत नवऱ्याचं नाव आलं नाही. त्याच्यावर कारवाई झाली नाही, दूषण दिलं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. त्याच्याबरोबर जेवायला बसायची माणसं तेवढी कमी झाली. मुदत संपली, तो हवालदार म्हणून घरी आला. म्हाताऱ्याच्या घरच्यांचं पुढे काय झालं, त्यांना हा जबाब कधी कळला का, ते त्याला माहीत नाही. विचारायची सोय नव्हती.

स्टेशनवर घ्यायला मी एकटी गेले होते. पुलावर बॅनर होता, पण कोणाच्या तरी वाढदिवसाचा.

गल्लीने आपापली कारणं शोधली. दारू पीत असेल. बाईचं काही असेल. पळून आला असेल. कोणी म्हणालं, त्या दिवशीच स्टेजवर डोक्यात फरक दिसत होता. खरं कारण त्या सगळ्यांनी माइकवरून ऐकलं होतं. तेवढं एक सोडून बाकी सगळ्यांवर चर्चा झाली. आबा पेपरच्या स्टॉलवर सांगत राहिले, मुलगा नायब सुभेदार होऊन आला. एकदा नवरा शेजारीच उभा होता. "हवालदार," तो म्हणाला, आणि पेपर घेऊन निघून आला. आबांनी स्टॉलवर जाणं सोडलं. बापलेक आता एका घरात राहतात, एका ताटलीतली भाकरी घेतात, आणि 'पंखा बंद कर'पलीकडे बोलत नाहीत.

नवरा ठाण्याला एका मोठ्या गृहसंकुलात सुरक्षा विभाग सांभाळतो. तिथले लोक त्याला मेजरसाहेब म्हणतात. पहिल्यांदा त्याने दुरुस्ती केली. त्यांना तो विनय वाटला. आता करत नाही.

यंदा मंडळाचा विषय आहे 'ज्येष्ठांचा मान राखा'. बाहुले परवाच बाहेर काढले. वृद्धाश्रमात आईबापांना सोडणारा मुलगा, मग पश्चात्ताप, मग पायांवर डोकं. मुलगा म्हणजे तोच मिशीवाला, सैनिकाची वर्दी काढून शर्ट-पँट घातलेला. आणि आजोबा आमचेच. त्या वर्षी दहा दिवस आपटून आपटून छातीला तडा गेला होता, तो पुट्टी भरून रंगवला आहे. मनगटावर तारेचा वळ तेवढा राहिला. दोन्ही हात पुढे, तळवे वर, रिकामे. आता ते आशीर्वादासाठी आहेत.

नवरा ड्यूटीवरून आला आणि मंडपासमोर थांबला. निळ्या वर्दीतच होता. मी दुकानातून पाहत होते. हाक मारली नाही. अध्यक्ष त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तो आल्यापासून त्यांनी त्याच्याशी धड बोलणं टाळलं होतं, पण माणूस वाईट नाही, मी म्हटलंच होतं. खांद्यावर हात टाकला.

"काय भाऊ, बघितला का आजोबा? एकदम खरा वाटतो ना?"

"खराच होता," नवरा म्हणाला.

अध्यक्ष खूश होऊन हसले. मग रस्ता ओलांडून दोघं दुकानात आले, आणि अध्यक्षांनी मंडळाच्या नैवेद्याचे मोदक किती वाजता मिळतील ते विचारलं. "दुपारी," मी म्हटलं, आणि नवऱ्यापुढे विळी सरकवली.